भंगाराच्या डब्यातली नळी

रायफलीची नळी सुटली तेव्हा टक् असा एकच कोरडा आवाज झाला. रात्रभर तेल पाजून ठेवलेले आटे एकदाचे सैल पडले होते. शेजारच्या म्हातारबुवांनी लांब दांड्याचा पाना बाजूला ठेवला, उरलेले आटे हातानेच सोडवत नळी बाहेर काढली, गॅरेजच्या ट्यूबलाइटकडे धरून एका डोळ्याने आतून पाहिली आणि माझ्या हातात दिली. मीही पाहिली. पलीकडचा उजेड दिसत होता, पण मधल्या भिंती त्यातला कणभरही परत देत नव्हत्या. चांगल्या नळीत पाहिलं की आतले पेच गरगरत लांब जाताना दिसतात, लखलखतात. इथे नुसता भुरकट, खरखरीत बोगदा होता. मी नळी परत दिली. त्यांनी ती लेथखालच्या भंगाराच्या डब्यात टाकली. पोलादाचा कीस, मोडकी ड्रिल बिटं, कसल्याशा बेअरिंगच्या कड्या, त्यांच्यावर ती आदळली आणि अर्धी बाहेर राहिली. म्हातारबुवा हात पुसत कॉफी आणायला घरात गेले.

मला ते लागलं.

खरं तर लागायचा हक्क माझा नव्हता. रायफल त्यांच्या आजोबांची, मग वडिलांची, मग त्यांची. त्या नळीतून सुटलेल्या गोळीचं हरीण त्यांच्या घरात शिजलं, माझ्या नव्हे. मी कुडाळ तालुक्यातला माणूस, नोकरीच्या निमित्ताने पेनसिल्व्हेनियाच्या या डोंगराळ भागात येऊन पडलेला, आजवर एकाही जनावरावर गोळी न झाडलेला. शिवाय या देशात बंदुकीबद्दल हळवं होऊन काही लिहायचं म्हणजे हात अडखळतो. माझी मुलगी शाळेत लॉकडाउनची, म्हणजे कुणी बंदूक घेऊन शिरलं तर काय करायचं त्याची, कवायत करून येते, दिवे मालवून कोपऱ्यात कसं गप्प बसायचं ते सांगते. बायकोला शेजारी बंदुका आहेत हे पहिल्या वर्षी कळलं तेव्हा तिने घर बदलायचा विषय काढला होता. आता ती त्याच म्हातारबुवांच्या बायकोला उकडीचे मोदक नेऊन देते, पण त्यांच्या तळघराच्या दाराकडे अजून एकदा तरी बघतेच. हे सगळं जागेवर आहे, आणि तरीही ज्याला वाईट वाटायला हवं तो माणूस कॉफी आणायला गेला आणि ज्याचा संबंध नाही तो मी डब्याकडे बघत उभा राहिलो, हेही खरं.

रायफल म्हणजे विंचेस्टर मॉडेल ९४, वीस इंची नळीची कार्बाइन, म्हणजे आखूड रायफल. नाव माहीत नसलं तरी ती आपण सगळ्यांनी पाहिलेली असते. काउबॉयच्या सिनेमांत मुठीखालची कडी खाली-वर करत धडाधड गोळ्या सुटतात ना, ती हिच्याच घराण्यातली. (गोष्ट १८७०च्या दशकातली आणि नायकाच्या हातात पुढे वीस वर्षांनी निघालेली रायफल, हा घोटाळा हॉलिवूडने इतक्यांदा केलाय की आता तोच इतिहास वाटतो.) कडी म्हणजे लीव्हर. तो खाली ओढला की रिकामं काडतूस वरून उडतं, वर घेतला की नवं आत जातं आणि घोडा चढलेलाच असतो. यूटामधल्या ऑग्डनच्या जॉन ब्राउनिंग या माणसाने ती रचली आणि कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनच्या विंचेस्टर कंपनीने १८९४ पासून बनवली. कंपनीचा मूळ पुरुष ऑलिव्हर विंचेस्टर हा आधी पुरुषांचे शर्ट बनवायचा. शर्टांच्या धंद्यातला पैसा त्याने बंदुकांच्या एका बुडत्या कारखान्यात घातला आणि पुढचं सगळं त्यातून झालं. न्यू हेवनचा कारखाना २००६ मध्ये बंद पडला तोवर या एका मॉडेलच्या सत्तर लाखांच्या घरात रायफली निघाल्या होत्या. आमच्या भागात तर ती जवळपास शेतीचं अवजार आहे. इथल्या झाडीत हरीण दिसतं तेच मुळी पन्नास-साठ यार्डांवर. लांब पल्ल्याची, दुर्बीण बसवलेली बंदूक तिथे नुसती फांद्यांत अडकते. ही हलकी, चपटी, खांद्याला पटकन लागणारी. हरणांचा सीझन पूर्वी थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी उघडायचा आणि त्या सोमवारी शाळांना चक्क सुट्टी असायची, कारण मुलं यायचीच नाहीत आणि मास्तरही यायचे नाहीत. २०१९ पासून तो शनिवारी उघडायला लागला. पुष्कळ ठिकाणी सोमवारची सुट्टी मात्र अजून टिकून आहे.

गेल्या वर्षी म्हातारबुवांनी टेकडीमागच्या मैदानात कागद लावून तिने नेम धरला. मी सोबत होतो. कागद काढून आणल्यावर ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. गोळीचं भोक गोल असतं. त्या कागदावर दोन भोकं लांबट, आडवी होती, गोळीची अख्खी कूस कागदावर उमटलेली. म्हणजे गोळी नाकासमोर न जाता हवेत कोलांट्या खात गेली होती. नळीतले पेच गोळीला फिरकी देतात, बारा इंचांत एक फेरा. ती फिरकी मिळाली तर गोळी सरळ जाते. पेचच झिजून, गंजून गेले की गोळीला धरायला काही उरत नाही. अशा रायफलीने हरणावर गोळी झाडणं म्हणजे त्याला जखमी करून रानात मरायला सोडणं. म्हातारबुवा तेव्हा एवढंच म्हणाले, "हिने आता मारू नये." गेल्या सीझनला त्यांनी जावयाची रायफल नेली.

ती नळी गोळ्यांनी झिजली नव्हती. वर्षाला पाच-दहा गोळ्या झाडणाऱ्या घरात नळी झिजायला काही जन्म लागतील. तिला खाल्लं मिठाने. हे मला तिथेच, लेथशेजारच्या स्टुलावर बसून कळलं आणि त्यात इतकं गुंतायला झालं की घरी जेवण थंड झालं. जुन्या काडतुसाच्या बुडाशी जी ठिणगीची टोपी असते, तिच्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असायचं. घोडा पडला, ठिणगी उडाली, की त्याचं पोटॅशियम क्लोराइड होऊन नळीभर बसायचं. जवळपास मीठच ते. हवेतलं पाणी ओढून घ्यायचं आणि पोलाद कुरतडायचं. आता गंमत अशी की हाच मसाला काळ्या दारूच्या काळातही होता, पण तेव्हा नळ्या अशा सडत नसत. काळी दारू जळली की नळीत काळा चिखल राहतो, इतका की पाण्याने धुतल्याशिवाय गत्यंतरच नाही. त्या पाण्यात मीठही विरघळून जायचं. मग १८९५ मध्ये या रायफलीसाठी थर्टी-थर्टीचं काडतूस आलं, बिनधुराच्या दारूचं. त्या दारूचा दाब सोसायला नळ्याही निकेल घातलेल्या पोलादाच्या केल्या. झाडून झाल्यावर नळी बघावी तर जवळजवळ स्वच्छ. लोकांना वाटलं, पाण्याची कटकट गेली. तेलाचा बोळा फिरवला की काम झालं. पण मीठ तेलात विरघळत नाही. ते तेलाखाली सुखाने बसून राहिलं. वर चामड्याची पिशवी, पेनसिल्व्हेनियाचं दमट तळघर आणि पुढच्या नोव्हेंबरपर्यंत कोण उघडून बघतंय! मीठ नसलेल्या मसाल्याच्या टोप्या अमेरिकेत बाजारात आल्या त्या १९२०च्या दशकाच्या अखेरीस, आणि घरोघरी फडताळात पडलेली जुनी काडतुसं त्यानंतरही वर्षानुवर्षं संपत होती. म्हणजे ज्यांनी बंदुकीची निगा राखली नाही त्यांच्याच नळ्या गेल्या असं नाही. दर सीझननंतर मन लावून तेल देणाऱ्यांच्याही गेल्या.

स्टुलावर बसून हे ऐकताना माझ्या नाकाला कुजक्या अंड्याचा वास यायला लागला.

तो आमच्या कुडाळच्या मागीलदारचा वास. आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. डुकरं भातात शिरायची, नाचणीत शिरायची, एका रात्रीत कुणगा लोळवून जायची. बंदूक भरणं हा एक विधीच होता. आधी दारू, मग काथ्याचा बोळा, गजाने ठास ठास ठासायचा, मग छर्रे, परत बोळा, परत गज, आणि शेवटी मागे टोपी. एवढं होईतो कुठलं डुक्कर थांबतंय! बहुतेक वेळा नुसता बार काढून आजोबा परत यायचे आणि डुकरं पुढच्या रात्री परत यायची. पण बार काढला की धुणं आलंच. चुलीवरची पाण्याची कळशी उतरवायची, बंदूक न्हाणीच्या दगडावर उभी धरायची आणि नळीत कढत पाणी ओतायचं. खालून काळंकुट्ट पाणी यायचं आणि तो वास, गंधकाचा. आम्ही नाकं धरून पळायचो. गजाला चिंधी गुंडाळून आत-बाहेर, आत-बाहेर, परत पाणी, चिंधी पांढरी निघेपर्यंत. आजी आतून हाका मारायची, ताट वाढलंय म्हणून. आजोबांचं उत्तर ठरलेलं, तेही तिला नव्हे, पुढेमागे बंदूक आपल्या हातात येईल असं स्वप्न बघणाऱ्या माझ्या काकाला: "आदी नळी धू, मगे जेवक बस." पाणी कढतच का, तर तापलेली नळी आपोआप सुकते. मग खोबरेल. पोटॅशियम क्लोराइड हे नाव आजोबांनी आयुष्यात ऐकलं नव्हतं. त्यांच्या बंदुकीची नळी कोकणातल्या पावसात चाळीसेक वर्षं आतून स्वच्छ राहिली.

ती बंदूक आता नाही. कोकणातल्या परवानेवाल्या घरांना ही गोष्ट सांगायला नको. निवडणूक लागली की बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या, निकाल लागल्यावर सोडवून आणायच्या. विधानसभा, लोकसभा, दर वेळी तेच. आजोबा बंदूक गोणपाटात गुंडाळून एसटीने घेऊन जायचे आणि पावती परवान्याच्या वहीत घडी घालून ठेवायचे. त्या पंधरवड्यात डुकरांना कुणी आचारसंहिता लावलेली नसायची. आजोबा गेले ते अशाच एका निवडणुकीच्या आसपास. बंदूक आधीच ठाण्यात होती. परवाना काकाच्या नावावर करायचा म्हणजे अर्ज, चौकशी, तलाठ्याचा दाखला, तालुक्याला खेपा, जिल्ह्याला खेपा. काका मुंबईला, बाबा पुण्याला, शेती खंडाने दिलेली. कुणी केलं नाही. कुणी नको असंही म्हटलं नाही. ते नुसतं राहून गेलं. पावती मात्र आहे. पुण्याच्या घरी कपाटातल्या एका पिशवीत, आजीच्या मृत्यूच्या दाखल्याबरोबर. तिच्यावर बंदुकीचा नंबर आहे आणि पुढे निळ्या शाईत "नळी ठीक" असं कुणीतरी लिहून ठेवलंय. ठाण्यातल्या त्या माणसाने नळीत डोकावून बघितलं होतं म्हणजे.

तर डब्यात पडलेल्या नळीकडे बघताना मला कशाचं वाईट वाटत होतं, याचा थोडा अंदाज आता वाचणाऱ्याला आला असेल. मला स्वतःला तो आला तेव्हा जरा ओशाळायला झालं. दुसऱ्याच्या मयताला जाऊन आपल्या माणसासाठी रडावं, त्यातला प्रकार.

पण नळीवरून आमचा वाद त्याआधीच झाला होता. गंजलेल्या नळीला दोन उपाय असतात. एक, ती काढून दुसरी बसवायची. दुसरा, जुनी नळी आतून ड्रिलने मोठी करायची आणि तिच्यात पेच पाडलेली नवी पातळ नळी सरकवून पक्की करायची. याला लायनर म्हणतात. ही म्हणजे नळीला कल्हईच. भांडं तेच, आत नवं. बाहेरचा घासून तपकिरी झालेला रंग, हातांच्या घामाने पुसट झालेली विंचेस्टर, न्यू हेवन, निकेल स्टील, थर्टी डब्ल्यू.सी.एफ. ही अक्षरं, सगळं तसंच राहतं. मला अर्थातच हे पसंत. मी म्हटलंही तसं, जरा जास्तच आवेशाने. म्हातारबुवांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अक्षरांनी हरीण पडत नाही." वर त्यांचं म्हणणं असं की नळी ही खर्चायचीच वस्तू आहे. ब्रेक पॅडबद्दल कुणी हळवं होतं का? जे माणसाबरोबर चालत आलं ते लाकूड आणि रिसीव्हर. रिसीव्हर म्हणजे मधली पोलादी चौकट, जिच्यात सगळी यंत्रणा बसते. कायदाही त्यांच्याच बाजूचा आहे. अमेरिकेच्या १९६८च्या कायद्याप्रमाणे बंदूक म्हणजे ती चौकट. नंबर तिच्यावर, विक्रीची नोंद तिची. बाकी नळी, दस्ता, घोडा, चाप हे सगळे सुटे भाग. म्हणूनच म्हातारबुवांनी दुसऱ्या एका मोडीत निघालेल्या ९४ची नळी इंटरनेटवर शोधून मागवली आणि ती पुठ्ठ्याच्या लांब डब्यातून पोस्टमनने पायरीवर आणून टाकली. पाऊस होता, डबा मीच उचलून आत ठेवला. आपल्याकडे १९५९च्या कायद्यात हत्याराच्या व्याख्येत सुटे भागही येतात. नुसती नळी घरात सापडली तरी परवाना कुठाय ते विचारतील. तो डबा उचलताना माझ्या मानेवरचे केस कारण नसताना उभे राहिले होते. कुडाळच्या पोलीस ठाण्याचा बाक अजून पाठीत बसलेला आहे.

जुनी नळी काढणं जिकिरीचं असतं, पण नवी बसवणं हे खरं कसब. मी स्वतः आयुष्य मशीनच्या आसपास काढलंय, भोसरीतल्या शॉपमध्ये मायक्रोमीटर हातात धरायला शिकलो, तरी त्या दिवशी विद्यार्थ्यासारखा बघत बसलो. लाकडाचे दोन ठोकळे, मध्ये नळीच्या मापाची अर्धगोल खाच, तिला राळेची पूड चोळलेली, म्हणजे नळी घसरत नाही आणि ओरखडेही उठत नाहीत. नळी व्हाइसमध्ये आडवी, आणि चौकट तिच्यावर आटे लावून फिरवत आणायची. हाताने घट्ट झाल्यावर ती थोडी अलीकडेच थांबली पाहिजे. उरलेला फेरा पान्याने, जोर लावून, म्हणजे नळीचा खांदा चौकटीच्या तोंडावर दाबून बसतो आणि पुढे गोळीच्या हादऱ्यांनी सैल होत नाही. पण किती जोर? नळीवर नेम धरायची माशी आधीच बसवलेली असते, बरोबर माथ्यावर. मागे चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीच्या, तोंडाशी काडतूस ओढणाऱ्या आकड्यासाठी खाच असते, तीही माथ्यावरच यायला हवी. खाली मॅगझिनची, म्हणजे जादा काडतुसं भरून ठेवायची, नळी अडकवणाऱ्या पट्ट्या. हे सगळं एका रेषेत येईल तिथेच फेरा संपला पाहिजे. केसभर अलीकडे राहिला तर माशी कलते आणि गोळी त्या बाजूला जाते. पलीकडे गेला तर मागे फिरवता येत नाही, फिरवलं तर घट्टपणा जातो. नळी दुसऱ्याच रायफलीची असल्याने पहिल्यांदा हाताने लावल्यावर ती चौकटीच्या खुणेच्या बरीच आधी अडली. म्हातारबुवांनी ती लेथवर घेतली. खांद्यावरून हजाराव्या भागांत मोजावा इतका कीस काढला. परत लावली. परत अडली. परत लेथ. प्रत्येक वेळी आटे पुसायचे, ग्रीसचं बोट फिरवायचं, लावायची, भिंगातून खुणा बघायच्या. त्यांचे हात थरथरतात, कॉफीचा कप उचलताना दिसतं. लेथच्या चाकावर ठेवले की थरथरत नाहीत.

शेवटचा फेरा त्यांनी मला द्यायला लावला. "तुझे खांदे चांगले आहेत," म्हणाले. त्यांनी खुणेवर भिंग धरलं, मी पाना ओढला. चौकट इंच-इंचाने नाही, दोऱ्या-दोऱ्याने सरकली. "अजून. अजून. बस." दोन बारीक रेघा, एक चौकटीच्या पोटावर, एक नळीच्या, एकमेकींत मिळून एक झाल्या. मग गेजने तपासणी. थर्टी-थर्टीच्या काडतुसाला बुडाशी कड असते आणि ती कड नळीच्या मागच्या तोंडावर टेकते. ती कड आणि काडतुसाला मागून दाबून धरणारा बोल्ट यांच्यातली फट ठरलेल्या मर्यादेत हवी, नाहीतर काडतूस मागून फाटून चेहऱ्यावर येऊ शकतं. एका गेजवर लीव्हर बंद झाला पाहिजे, दुसऱ्यावर होता कामा नये. पहिल्यावर झाला. दुसऱ्यावर अडला. म्हातारबुवांनी तो अडलेला लीव्हर माझ्या बोटांना लावून दाखवला, "जाणवतं?" जाणवलं. रंगाचं मात्र पार विजोड झालंय. चौकट जांभळट तपकिरी, जागोजागी पांढरी पडलेली, आणि नळी बऱ्यापैकी काळीभोर. संग्राहक लोक असली रायफल बघून तोंड वाकडं करतात, तिची किंमत अर्ध्यावर येते म्हणे. मला विचाराल तर त्यांचंही अगदीच चूक नाही. बघताक्षणी कळतं की इथे काहीतरी झालंय.

जुनी नळी मी त्या रात्री मागून घेतली. काय करणार, असं त्यांनी विचारलं नाही. घरी न्हाणीघरात, बायको झोपल्यावर, कढत पाण्याने धुतली. शतकभराचं तेल आणि मळ गेल्यावर पोटावर, एरवी लाकडाखाली झाकल्या जाणाऱ्या जागी, दोन आकडे दिसले: २७. आणि माथ्यावर, विंचेस्टरच्या डब्ल्यू-पी या तपासणीच्या नेहमीच्या छापाशेजारी, लंबगोलात एकटा पी. मग मी रात्री बारा वाजता लॅपटॉप उघडला. त्या काळात कंपनी नळीच्या पोटावर ती बनली त्या वर्षाचे शेवटचे दोन आकडे ठोकायची. आणि लंबगोलातला एकटा पी म्हणजे ती नळी कारखान्यात रायफलीवर चढून बाहेर पडलेली नाही, सुटी, टपालाने विकलेली आहे. रायफल पहिल्या महायुद्धाच्या आधीची, चौकटीवरचा नंबरही तेच सांगतो. नळी १९२७ची. त्याच वर्षी विंचेस्टरने या मॉडेलची दहा लाखावी रायफल नटवून सजवून राष्ट्राध्यक्ष कूलिज यांना भेट दिली होती, आणि त्याच वर्षाची ही एक साधी नळी पुढे कधीतरी पेनसिल्व्हेनियाच्या कुठल्याशा पोस्टात येऊन पडली. म्हणजे ज्या मूळच्या नळीसाठी मी लायनरचा आग्रह धरत होतो ती मूळची नव्हतीच. मूळची त्याआधीच सडून भंगारात गेली होती. म्हातारबुवांच्या आजोबांनी ती बदलली, वडिलांनी दुसरीला मन लावून तेल दिलं, आणि आता ही तिसरी.

सकाळी हे सांगायला मी जवळजवळ धावतच गेलो. मला वाटलं होतं त्यांना धक्का बसेल. ते इतके हसले की त्यांना खुर्चीत बसावं लागलं. "आजोबांनी एक खाल्ली, बाबांनी एक खाल्ली," म्हणाले, "माझी पाळीच होती." मग नळी हातात घेतली, २७वर अंगठा फिरवला, बँडसॉ चालू केला आणि माझ्याकडे न बघता तिचे उभे दोन काप केले. मी ओरडेपर्यंत अर्धं काम झालं होतं. पण कापलेली नळी पाहिली आणि राग गेला. आतलं सगळं उघड्यावर आलं होतं. चेंबरपाशी पेचांच्या कडा अजून शाबूत, सहाच्या सहा खोबणी मोजता येत होत्या. पुढे सरकावं तसे खड्डे वाढत गेलेले, आधी सुईच्या टोकाएवढे, मग बाजरीएवढे, एकमेकांत मिसळलेले. तोंडाकडच्या चार इंचांत पेच असे नव्हतेच. रायफल तळघरात कोपऱ्यात उभी असायची, तोंड वर. ओल तिथूनच उतरली असणार. त्यांनी एक काप मला दिला आणि एक मॅग्नेट लावून लेथवर चिकटवला. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात.

परवा परत टेकडीमागे गेलो. पन्नास यार्डांवर पाच गोळ्या, पाच गोल भोकं, कॉफीच्या बशीत मावतील इतक्या जागेत. परत आल्यावर त्यांनी तेलाचा बोळा काढला. मी कढत पाण्याचा विषय काढला, तर म्हणाले, आताच्या काडतुसांत ते मीठ नाही, पाण्याची काही गरज नाही. बरोबर आहे. मग हिशेब सांगितला. आताची काडतुसं, आताची कोरडी कपाटं, वर्षाला पाच-दहा गोळ्या. ही नळी कुणाच्याही आयुष्यात खराब व्हायची नाही. चौथी कुणाला बसवावी लागणारच नाही. आणि लागली तरी बसवणार कोण? मुलगा ॲरिझोनात सॉफ्टवेअर लिहितो, त्याला हरणाचं मांस चालतं पण हरणाच्या मागे पहाटे थंडीत बसणं चालत नाही. जावयाला दुर्बिणीची रायफल आवडते. आपल्यामागे ही तालुक्याच्या बंदुकीच्या दुकानात जाणार, तिथे मालक नळी आणि चौकट वेगवेगळ्या रंगाची बघून भाव पाडणार, हे सगळं त्यांनी माझ्याच शब्दांत मला ऐकवलं, बोळा आत-बाहेर करत, एकदाही आवाज न बदलता.

"मग एवढा खटाटोप कशाला केलात?" मी विचारलं.

"शनिवारी सीझन उघडतोय," ते म्हणाले, आणि माझ्याकडे नारंगी जाकीट आहे का ते विचारलं, कारण नसेल तर जावयाचं जुनं तळघरात आहे, पण ते मला लांडं होईल.